प्रॉक्सी सर्व्हर : अडथळा नेमका कोठे आहे?

शाळेतील संगणक व आंतरजाल यांच्यामध्ये जो मध्यस्थ संगणक असतो, त्यास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. मुलांनी मागितलेले पान तोच आणून देतो आणि कोणते पान द्यावयाचे नाही, हेही तोच ठरवितो. या कामी स्क्विड ही १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झालेली विनामूल्य प्रणाली पुष्कळ ठिकाणी वापरतात. पान उघडेनासे झाले की प्रॉक्सी बिघडला असे समजून तास सोडून देण्यात येतो. वस्तुतः पुष्कळदा बिघाड काहीच नसतो. नियमांचा क्रम तेवढा चुकलेला असतो.

जोडणी तुटली आहे की नियमाने अडविले आहे, हे प्रथम ठरवावे. पडद्यावरील मजकुरावर सर्वस्वी विसंबू नये; कारण एचटीटीपीएस पद्धतीच्या पानांच्या बाबतीत ब्राउझर स्क्विडचे नकाराचे पान दाखवीत नाही, जोडणी जमली नाही एवढेच सांगतो. खरी साक्ष स्क्विडच्या नोंदवहीत, म्हणजे ॲक्सेस लॉगमध्ये मिळते. तेथे विनंतीची ओळच नसेल, तर ती स्क्विडपर्यंत पोचलेली नाही : स्क्विड बंद असेल, अथवा ब्राउझरमध्ये पत्ता किंवा पोर्ट क्रमांक (मुद्दाम बदलला नसल्यास ३१२८) चुकला असेल. नोंदीत 'डिनाइड' व ४०३ असल्यास नियमाने अडविले. ४०७ म्हणजे नाव व परवलीचा शब्द हवा. ५०३ दिसल्यास स्क्विडने प्रयत्न केला, परंतु पलीकडचे स्थळ त्यास गाठता आले नाही. तेव्हा बाहेरची जोडणी तपासावी.

आता नियमांकडे वळू. स्क्विड नियम वरून खाली वाचतो व जो पहिला लागू पडेल तेथेच थांबतो. 'सर्वांस मनाई' ही ओळ वर आणि 'शाळेच्या संगणकांस परवानगी' ही तिच्याखाली असेल, तर दुसरी कधीच वाचली जात नाही. आणखी एक चूक वारंवार आढळते. एकाच ओळीत पाचवी व सहावी अशा दोन वर्गांच्या संगणकांची नावे परवानगीसाठी लिहिली जातात. एका ओळीतील सर्व अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. एकच संगणक दोन्ही वर्गांचा कसा असणार? दोन स्वतंत्र ओळी लिहाव्यात. राऊटर बदलल्याने संगणकांचे पत्ते बदलले, तरी जुन्या पत्त्यांचा नियम त्यांस परके मानतो.

अशा वेळी घाईने 'सर्वांस परवानगी' ही ओळ सर्वांत वर घालण्याचा मोह होतो. पाने उघडतात खरी. परंतु मुलांसाठी घातलेले सर्व निर्बंध त्या क्षणी निरुपयोगी होतात, आणि प्रॉक्सी बाहेरून पोचण्याजोगा असल्यास कोणीही परका मनुष्य शाळेच्या नावावर गैरकृत्य करू शकतो. त्याचा माग शाळेपर्यंतच येईल. म्हणून आवश्यक तेवढीच परवानगी मनाईच्या ओळीच्या वर लिहावी. मूळ धारिकेची प्रत आधी काढून ठेवावी, 'स्क्विड -के पार्स' या आज्ञेने लेखनदोष तपासावेत, मग 'स्क्विड -के रिकन्फिगर' ही आज्ञा द्यावी व नोंदवही पुन्हा पाहावी.