मालकच मॅनेजर, मग काढायचं कोणाला?

सप्टेंबर ते जानेवारीच्या दरम्यान प्लेनोमधल्या मराठी घरात रविवारी काही कार्यक्रम ठेवायचा असेल, तर पंचांगाच्या आधी दुसरंच एक वेळापत्रक बघावं लागतं. ते असतं डॅलस काउबॉइजचं. सामना दुपारी बाराचा असेल तर जेवणं साडेतीननंतर. तीन पंचविसाचा असेल तर आरती त्याच्या आधी. रात्री सात-वीसचा असेल तर मंडळी प्रसाद हातात घेऊनच गाडीत बसणार हे गृहीत धरायचं. गणपती नेमके मोसमाच्या तोंडावर येतात, दिवाळी ऐन मध्यात, आणि थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी तर काउबॉइज घरच्या मैदानावर खेळतातच. १९६६ पासून, दोन वर्षांचा अपवाद सोडला तर, हा रिवाज चुकलेला नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे. हा हेल्मेट घालून, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल. काउबॉइजचं स्टेडियम आर्लिंग्टनला असलं, तरी संघाचं मुख्यालय आणि सरावाची जागा, ‘द स्टार’, आमच्या शेजारच्या फ्रिस्कोत आहे. प्लेनोहून टोलवेने उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात तो निळा तारा दिसतो. तिथल्या बंदिस्त मैदानावर फ्रिस्कोच्या शाळांचे सामनेही होतात, त्यामुळे आपल्याकडची बरीच मुलं त्या हिरवळीवर कधी ना कधी बँड वाजवून आलेली असतात. थोडक्यात, काउबॉइज इथे घरातल्यासारखे आहेत. आणि घरातल्यांवर चिडायला माणसाला वेगळं कारण लागत नाही.

पण इथे कारणं आहेत, आणि भरपूर आहेत.

मुळात हा खेळच प्रेक्षकाला कोच बनवणारा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. दहा झाले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही झाले तर चेंडू समोरच्याकडे. एका प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. एक डाउन संपला की खेळ थांबतो आणि पुढची चाल सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. तेवढ्यात हेडसेट लावलेला कोच क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर चाल कळवतो: पळायचं, की फेकायचा, की लाथ मारून तीन गुणांवर समाधान मानायचं. त्याच चाळीस सेकंदांत टीव्हीसमोरच्या प्रत्येक सोफ्यावरही एक निर्णय झालेला असतो. चाल फसली की सोफा बरोबर आणि कोच मूर्ख. चाल जमली की, ‘अरे, मी तेच म्हणत होतो!’ क्रिकेटमध्ये कोणाला कुठल्या नंबरवर पाठवायचं यावर रात्र काढणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. नियम कळायला त्याला दोन मोसम लागतात, तक्रार करायला दोन रविवार पुरतात.

आता गेल्या काही वर्षांचा हिशेब बघा. २०२० मध्ये माइक मॅकार्थी मुख्य कोच झाले. ग्रीन बे पॅकर्सना त्यांनी सुपर बोल जिंकून दिला होता, तोही २०११ मध्ये, आमच्या याच आर्लिंग्टनच्या स्टेडियमवर. २०२१, २०२२ आणि २०२३ अशा सलग तीन मोसमांत त्यांच्या संघाने सतरापैकी बारा-बारा सामने जिंकले. कागदावर यापेक्षा चांगलं काय हवं? पण बाद फेरीचा जानेवारी आला की काहीतरी बिनसायचं.

१६ जानेवारी २०२२. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध घरच्या मैदानावर काउबॉइज १७-२३ असे मागे. शेवटचे चौदा सेकंद उरलेले आणि हातात एकही टाइमआउट नाही. अशा वेळी चेंडू फेकायचा किंवा पटकन मैदानाबाहेर जाऊन घड्याळ थांबवायचं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इथे मात्र क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट चेंडू घेऊन मधूनच धावला. सतरा यार्ड मिळाले, पण पुढची चाल सुरू होण्याआधी पंचाला चेंडू जागेवर ठेवावा लागतो. तो येईपर्यंत घड्याळ शून्यावर. मोसम संपला.

२२ जानेवारी २०२३. पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, १२-१९. सहा सेकंद बाकी. चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या जागी चक्क धावपटू इझिकिएल एलियट उभा! काहीतरी अफलातून डाव असणार म्हणून सगळे श्वास रोखून बसले. एलियट आडवा झाला, चेंडू ज्याला मिळाला तोही जागच्या जागी पडला. संपलं.

१४ जानेवारी २०२४. त्या मोसमात घरच्या मैदानावर एकही सामना न हरलेले काउबॉइज, आणि समोर सातव्या क्रमांकावरून कसाबसा आत आलेला ग्रीन बेचा तरुण संघ. मध्यंतराला २७-७, शेवटी ४८-३२, अर्थात ग्रीन बेच्या बाजूने. सातव्या क्रमांकाच्या संघाने बाद फेरीचा सामना जिंकण्याची एनएफएलमधली ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. तिळगूळ सगळ्यांनी घेतला, गोड बोलणं मात्र त्या वर्षी कोणाला जमलं नाही.

अर्थात सोफ्यावरून सगळं सोपं दिसतं, हे प्लेनोला तरी वेगळं सांगायला नको. २६ नोव्हेंबर १९९४ ला प्लेनो ईस्ट या आमच्या शाळेचा टायलरच्या जॉन टायलर शाळेशी सामना होता. शेवटची तीनेक मिनिटं राहिली असताना प्लेनो ईस्ट १७-४१ मागे. तिथून पोरांनी लागोपाठ तीन वेळा ‘ऑनसाइड किक’ साधली, म्हणजे चेंडू मुद्दाम जवळच मारून तो आपणच परत मिळवला, आणि चोवीस सेकंद राहिले असताना ४४-४१ अशी आघाडी घेतली. मग चौथ्यांदा मात्र चेंडू लांब मारला. पुस्तकात हेच लिहिलंय, आघाडीवर असताना लांब मारावा. तो टायलरच्या पोराने झेलला आणि सत्त्याण्णव यार्ड धावत गोलरेषेपार नेला. ४८-४४. ‘लांब का मारला?’ हा प्रश्न इथल्या जुन्या माणसांकडून आजही ऐकायला मिळतो. कोचचा निर्णय बरोबर होता, तरीही सामना गेला. खेळ असाही असतो.

म्हणूनच काउबॉइजच्या चाहत्यांचा खरा राग कोचवर नाही. २०२४ चा मोसम सात विजय आणि दहा पराभवांवर संपला, करार संपला आणि मॅकार्थी गेले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याच हाताखाली आक्रमणाची बाजू बघणारे ब्रायन शॉटेनहायमर मुख्य कोच झाले. आनंद कोणाला झाला, तर फारसा कोणालाच नाही. आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक, जन्मापासून टेक्ससचे, मला म्हणाले, ‘‘कोच बदलून काय होणार? संघ कोण निवडतो ते बदला.’’

आणि तिथेच सगळं अडतं. एनएफएलच्या बहुतेक संघांत मालक वेगळा आणि जनरल मॅनेजर वेगळा असतो. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, कोणाला किती पैसे द्यायचे हे मॅनेजर ठरवतो. त्याचं गणित चुकत राहिलं तर मालक त्याला घरी पाठवतो. काउबॉइजमध्ये मालकही जेरी जोन्स आणि जनरल मॅनेजरही जेरी जोन्स. मॅनेजरला काढायचं असेल तर मालकाने आरशासमोर उभं राहायला हवं.

१९८९ मध्ये जोन्स यांनी हा संघ सुमारे चौदा कोटी डॉलरना घेतला आणि आल्या आल्या टॉम लँड्री यांना काढलं. लँड्री म्हणजे संघाच्या जन्मापासून, तब्बल एकोणतीस मोसम कोच राहिलेले दैवत. गाव पेटलं. पहिल्या मोसमात सोळापैकी एकच सामना जिंकला, तेव्हा लोकांना वाटलं, झालं, बुडवला संघ. पण जोन्स यांनी आपला कॉलेजातला सहखेळाडू जिमी जॉन्सन याला कोच म्हणून आणलं होतं. त्यांनी हर्शेल वॉकर हा सगळ्यात मोठा खेळाडू मिनेसोटाला देऊन बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीचे ढीगभर हक्क घेतले, त्यातून नवा संघ उभा राहिला, आणि चार मोसमांत तीन सुपर बोल घरात आले. त्यातले दोन झाल्यावर, १९९४ मध्ये, जॉन्सन बाहेर पडले. यश कोणाचं, यावरून दोघांत फाटलं होतं. तिसरा विजय जानेवारी १९९६ मधला. त्यानंतर सात मुख्य कोच झाले, पण सुपर बोलच्या अलीकडचा जो उपांत्य सामना, तिथपर्यंतही काउबॉइज एकदाही पोचलेले नाहीत. त्या जानेवारीत जन्मलेलं पोर आता तीस वर्षांचं झालं.

एवढं होऊनही मालकाचं काही अडत नाही. इंग्लंडमध्ये तळाला गेलेला क्लब खालच्या श्रेणीत ढकलला जातो, उत्पन्न आटतं, मालकाला घाम फुटतो. एनएफएलमध्ये खाली जायला श्रेणीच नाही. देशभरातल्या टीव्हीचा पैसा बत्तीस संघांत सारखा वाटला जातो, हरणाऱ्यालाही तेवढाच. खेळाडूंवरच्या खर्चाला वरून मर्यादा. स्टेडियम भरलेलं, निळ्या ताऱ्याच्या टोप्या खपतच असतात. ‘फोर्ब्स’ने २०२५ मध्ये या संघाची किंमत १३ अब्ज डॉलर धरली, जगातल्या कुठल्याही खेळातल्या संघापेक्षा जास्त. चौदा कोटींचे तेराशे कोटी! ज्या दुकानात माल खराब निघाला तरी गिऱ्हाईक वाढतं, तिथे मालकाने काय म्हणून सुधारावं?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तर कहर झाला. बचावातला सर्वांत मोठा खेळाडू मायका पार्सन्स नव्या कराराची वाट बघत होता. सरावाच्या ठिकाणी लोक ‘पे मायका’ म्हणून ओरडत होते. मोसम सुरू व्हायला आठवडा असताना जोन्स यांनी त्याला देऊन टाकलं, आणि तेही ग्रीन बेला! बदल्यात पहिल्या फेरीतले दोन हक्क आणि एक खेळाडू. महिन्याभरात तोच ग्रीन बेकडून आर्लिंग्टनला खेळायला आला. सामना ४०-४० असा बरोबरीत सुटला, आणि प्रेक्षकांना धड रडता येईना की हसता.

त्याच शहरात त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाने फेब्रुवारीत लुका डॉन्चिच या लाडक्या खेळाडूला लॉस एंजेलिसला दिलं. तिथले जनरल मॅनेजर निको हॅरिसन हे मालक नव्हते, नोकर होते. ‘फायर निको’च्या घोषणा सामन्यामागून सामने चालल्या, आणि नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांना नारळ मिळाला. खेळाडू काही परत आला नाही, पण लोकांचं ऐकलं गेलं. काउबॉइजच्या चाहत्यांचा घसा काही कमी मोठा नाही. त्यांच्या तक्रारीला पत्ता नाही, एवढंच.

गंमत म्हणजे ग्रीन बेचा संघ कोणा एकाचा नाहीच. १९२३ पासून तो लोकांच्या मालकीचा आहे. आज पाच लाखांहून जास्त भागधारक. शेअरवर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, पण संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत देता येतं. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे ऐकून लगेच सहकारी साखर कारखाना आठवतो. सहकारात सगळं गोडच असतं असं नाही, ते आपल्याला कोणी सांगायला नको. पण निदान वार्षिक सभेत उभं राहून जाब विचारता येतो.

आमच्यात एक कोल्हापूरचे गृहस्थ आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ बघत वाढलेले. त्यांना या मालकीच्या प्रकाराचंच नवल वाटतं. ‘‘आमच्याकडं संघ तालमीचा, तालीम पेठेची. हरला तर पोरं संध्याकाळी कट्ट्यावरच गावतात की! हितं विचारायचं कुणाला?’’

मला वाटतं, त्यांचा प्रश्न फक्त फुटबॉलचा नाही. इथे आपल्यातली कितीतरी कुटुंबं ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं आहेत. घर घेतलं, कर भरला, मुलं इथल्या शाळेतून बाहेर पडली, तरी नगरपालिकेच्या निवडणुकीत मत नाही. स्कूल बोर्ड, पाणी, रस्ते, सगळ्यावर मत आहे, पण ते मोजलं जात नाही. किराणा दुकानाच्या रांगेत काउबॉइजचा विषय निघाला की मात्र चित्र पालटतं. चार पिढ्या टेक्ससमध्ये काढलेला माणूस आणि एच-वनवर आलेला आपला माणूस एकाच सुरात जेरींच्या नावाने बोटं मोडतात. दोघांच्याही मताची किंमत सारखीच, म्हणजे शून्य. या गावात इतकी बरोबरी आपल्याला दुसरीकडे क्वचितच मिळते.

त्यामुळे नव्याने प्लेनोत येणाऱ्यांना मी एकच सांगतो. खेळ कळायची वाट बघू नका. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफी घेताना मान हलवून एवढंच म्हणा, ‘‘काय ती शेवटची चाल!’’ पुढची दहा मिनिटं तुम्हाला बोलावंच लागणार नाही. समोरचा १९८९ पासून सुरुवात करेल, आणि निघताना पुढच्या रविवारी घरी यायचं आमंत्रण देईल. जाताना चकली घेऊन जा. सामना हरला तरी ती संपते.