शेफिल्डच्या चाकूची चाल
इंग्लंडमध्ये सबळ कारणाशिवाय चाकू घेऊन रस्त्यावर फिरणं हा गुन्हा आहे. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने त्यातून खिशातला मिटणारा चाकू तेवढा वगळला, तोही धार ३ इंचांहून, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरांहून, लांब नसेल तर. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. उघडल्यावर पातं खटक्याने अडकत असेल, तर तो चाकू या सवलतीत बसत नाही. बटण दाबताच पातं बाहेर उडणाऱ्या चाकूंची विक्री तर १९५९ पासूनच बंद आहे.

त्यामुळे खिशात बाळगायचा चाकू कारागिराकडून करून घ्यायचा, तर त्याचं पातं फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभं राहणार. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नसेलही, पण या अटीमुळे गिऱ्हाईक थेट शेफिल्ड या चाकूंच्या शहराच्या जुन्या विद्येपाशी येऊन पोचतं. खटका नसलेल्या चाकूत कारागिराला काहीच लपवता येत नाही.

चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने आपल्या एका गोष्टीतल्या गिरणीवाल्याच्या अंगावर शेफिल्डचा चाकू दाखवला आहे. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने इथल्या चाकूकारांची संस्था उभी राहिली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी जोसेफ रॉजर्स या पेढीने ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू घडवला. ही झाली वैभवाची बाजू. धार काढणारे कामगार दगडाची आणि पोलादाची धूळ श्वासातून ओढत ऐन उमेदीत मरत, हेही त्याच शहराचं खरं आहे आणि ते विसरून या चाकूंचं कौतुक करू नये.

मोठ्या पेढ्यांच्या आजूबाजूला ‘लिटल मेस्टर’ असत. एखादी खोली भाड्याने घेऊन स्वतःच्या हिमतीवर काम करणारे कारागीर. त्यांतले शेवटचे म्हणून ज्यांचं नाव घेतात ते स्टॅन शॉ. जन्म १९२६ चा. चौदाव्या वर्षी ते जॉर्ज इबरसनच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले आणि नव्वदीतही केलम आयलंड म्युझियममधल्या आपल्या खोलीत चाकू करत होते. त्यांच्या चाकूसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. २०१७ मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, २०२१ मध्ये ते गेले. एकाच मुठीत अनेक पाती बसवणं ही त्यांची खासियत. अशा चाकूत प्रत्येक पातं बुडाशी किंचित वाकवावं लागतं, नाहीतर मिटताना ती एकमेकांवर घासतात.

शॉ यांच्या चाकूला लागणारा पैसा नेमका कशाचा, हे समजून घेतलं तर आज काम करणाऱ्या कारागिराचा चाकूही पारखता येतो. पातं, पाठीची स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंचे पितळी पत्रे हे सारं दोन-चार रिव्हेटांवर जुळतं. उघडलेला चाकू उजेडासमोर धरावा. पत्रा आणि स्प्रिंग यांच्यामधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग पाठीवरून बोट फिरवावं. पातं उघडं असताना, अर्धवट असताना आणि मिटल्यावर, तिन्ही वेळा स्प्रिंग पत्र्यांच्या पातळीत लागली, तर समजावं की माणूस कानस घेऊन तासन्‌तास बसला आहे. पातं डावी-उजवीकडे हलवून बघावं; तसूभरही डुगडुगू नये. शेवटी चाल आणि बोल: पातं लोण्यासारखं फिरून टोकाशी ‘टक्‌’ असा कोरडा आवाज करत बसलं पाहिजे. माझ्या मते पोलादाच्या नावापेक्षा हा आवाज जास्त सांगतो.

पोलादाचं थोडक्यात. १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्लीने याच शहरात न गंजणारं पोलाद ओतलं, तेव्हा चाकूकारांनी ‘न कापणारे चाकू करणारा’ म्हणून त्याची टर उडवली. आजचं चांगलं स्टेनलेस उत्तम कापतं. साधं कार्बन पोलाद लिंबाच्या रसाने काळवंडतं, पण घरच्या सहाणेवर पटकन धार घेतं. पोलादाला पाणी कोण देतं, हे मात्र जरूर विचारावं. तिथे चूक झाली तर महाग पोलादही वाया जातं.

मुठीचा प्रश्न आपल्याला जास्त जवळचा. शेफिल्डला सर्वांत प्रिय असलेलं शिंग आपल्या सांबराचं: भरीव, खडबडीत, हातात घट्ट बसणारं. भारताने त्याची निर्यात थांबवली आणि ते योग्यच झालं. आता जुने साठे चढ्या भावाने विकले जातात. चाकू पुढेमागे भारतात आणायचा असेल, तर वन्यजीव कायद्याच्या फेऱ्यात पडू नये म्हणून सरळ लाकडाची मूठ घ्यावी. जुना, हस्तिदंती मुठीचा चाकू तर टाळावाच. २०१८ च्या आयव्हरी ॲक्टनंतर तो ब्रिटनमध्येही मोजक्या अपवादांखेरीज विकता येत नाही.

संग्राहक जुन्या नावांमागे धावतात. मला वाटतं, तेवढेच पैसे आज वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या कारागिराला द्यावेत. प्रतीक्षा लांबेल, पण त्या काळात त्याच्याशी बोलता येतं. धारेची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी, ३ इंचांच्या जरा आतच ठेवावी. नखं कमजोर असतील तर स्प्रिंग हलकी मागावी. पातं उघडायची खाच बहुधा उजव्या हाताच्या सोयीने कोरलेली असते, म्हणून डावखुऱ्याने ती दुसऱ्या बाजूला हवी असं आधीच सांगावं. पात्याला पाणी दिल्यावर ती बदलणं फार कठीण.