चित्रपुस्तक आणि मुलांचे पहिले लेखन

ज्या पुस्तकात चित्र मजकुराची केवळ सजावट करीत नाही, तर गोष्टीचा निम्मा भाग स्वतः सांगते, त्याला चित्रपुस्तक म्हणतात. आणि शब्दांनी न सांगितलेले बरेच काही चित्रात दिसत असल्यामुळे, नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलालाही त्याविषयी लिहिण्याजोगे काही ना काही सापडते.

बंगळुरूच्या ‘प्रथम बुक्स’ने (स्थापना २००४) प्रकाशित केलेली, रोहिणी निलेकणी यांनी लिहिलेली शृंगेरी श्रीनिवासच्या वार्षिक केशकर्तनाची गोष्ट या दृष्टीने विशेष उपयोगी आहे. त्याचे केस भलतेच वाढलेले असतात, पण न्हावी, बायको, शिंपी, सुतार यांपैकी कोणालाच सवड नसते. प्रसंग तोच राहून माणूस तेवढा बदलत असल्याने गोष्टीचा साचा मुलांच्या तोंडी बसतो, आणि श्रीनिवास धारवाडला आला तर कोणाकडे जाईल, एवढे शिक्षिकेने विचारले की पहिली-दुसरीतली मुले त्याला थेट पेढेवाल्याकडे पाठवू शकतात. पेढेवाल्याला सवड का नाही, हे सांगण्यासाठी मात्र कढईत खवा परतणारे हात आठवावे लागतात. तेथे उसना साचा मागे पडतो आणि मुलाचे स्वतःचे लेखन सुरू होते.

आधी बोलणे, मग चित्र, मग चित्राखाली एक वाक्य, हा क्रम मुलांना मानवतो. ज्याला लिहिता येत नाही त्याचे वाक्य शिक्षिकेने त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा करणे घातकच, कारण मग मूल ‘कढई’ टाळून बिनचूक येणारे शब्दच वापरू लागते.

१९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या हुबळी-धारवाडमध्ये घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेल्या मुलांसाठी चित्राचे मोल आणखी वाढते. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ पासूनच्या संकेतस्थळावर चित्रपुस्तके अनेक भारतीय भाषांत विनामूल्य मिळतात, त्यामुळे आजीला मराठीत सांगितलेली गोष्ट तेच चित्र समोर ठेवून वर्गात कन्नडमध्ये लिहिता येते. खर्ड्यात दोन्ही भाषांचे शब्द मिसळले तरी ते राहू द्यावेत.

तिसरी-चौथीच्या मुलांपुढे, धारवाडमध्ये दीर्घकाळ अध्यापन केलेल्या जी. ए. कुलकर्णी यांची ‘बखर बिम्मची’ अवश्य ठेवावी. ते रूढ अर्थाने चित्रपुस्तक नव्हे, पण त्यातला लहानगा बिम्म पशुपक्ष्यांशी गप्पा मारतो, आणि आपल्या परसातली खार त्याला भेटली तर दोघे काय बोलतील, हा संवाद मुले आधी चित्रात आणि मग शब्दांत उतरवू शकतात.