वर मेट्रो, खाली ऑटो

नागपुरात नंदनवनहून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, जायचं तर कोणी गाडी काढतं, कोणी शेअर ऑटोत दाटीवाटीने बसतं, कोणी सेंट्रल अॅव्हेन्यूवर येऊन मेट्रो पकडतं. खिशातला फोन जीपीएसवरून जागा, वेळ आणि वेग तेवढा टिपत राहतो. वाहन कोणतं, हे त्यात नसतं. ते वेगावरून ओळखायचं.

पहिला मोह सरासरीचा. पाच किलोमीटर वीस मिनिटांत, म्हणजे ताशी १५. सायकलस्वार याच वेगाने सलग आला असेल. किंवा ऑटो दहा मिनिटं ताशी ३० ने धावला आणि उरलेली दहा मिनिटं जगनाडे चौकातल्या सिग्नलवर, पुढे सवारीसाठी थांबण्यात गेली असतील. सरासरी दोघांना एकच ठरवते. सर्वाधिक वेग तर त्याहून लबाड. दाट वस्तीत उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून येतो आणि सेकंदभरात जागा ५० मीटर सरकते. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस ताशी १८० ने धावू लागतो! म्हणून कमाल आकडा सोडून ज्याच्या खाली ९५ टक्के नोंदी येतात, तो वेग धरतात.

खरी ओळख वेगाच्या चढउतारात आहे. बीजिंगच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातल्या यू झेंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तीन खुणा वापरल्या: दिशा किती वेळा बदलते, थांबे किती येतात, वेग किती वेळा झपकन बदलतो. वाहन बदलताना माणूस थोडं तरी चालतो, हेही त्यांनी हेरलं. ताशी चार-पाचाचा तो तुकडा सापडला, की प्रवासाचे भाग आपोआप सुटे होतात. नुसतं विचारून हे तुकडे कळत नाहीत. २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचं साधन विचारलं होतं. स्टेशनपर्यंतची पायपीट अशा एका उत्तरात मावत नाही.

सेंट्रल अॅव्हेन्यूवर या पद्धतीचा कस लागतो. ११ डिसेंबर २०२२ ला सीताबर्डी ते प्रजापतीनगर मेट्रो सुरू झाली, ती याच रस्त्याच्या डोक्यावरून. नकाशावर वरचा आणि खालचा प्रवासी एकाच रेषेवर दिसतात, आणि जीपीएसची उंची जागेपेक्षा जास्त चुकते. भुयारी मेट्रोत संकेत तुटतो, तीच खूण ठरते. नागपुरात तीही सोय नाही. पण मेट्रोला चौकातला सिग्नल नाही, गाय आडवी येत नाही. वेग एका दमात चढतो, टिकतो, उतरतो आणि शून्यावर येतो तो स्टेशनातच. खालच्या ऑटोचा आलेख मात्र करवतीसारखा.

गोची होते ती शेअर ऑटोची. थांबण्यात तो बससारखा, वळणांत दुचाकीसारखा; परदेशी नोंदींवर शिकवलेली संगणकप्रणाली इथे गोंधळणारच. त्यावर एक तोड आहे. एकाच मार्गाच्या अनेक दिवसांच्या नोंदी एकमेकींवर ठेवायच्या. बसचे थांबे ठरलेल्या जागी साचतात. शेअर ऑटोचे मात्र विखुरतात, कारण तो हात दिसेल तिथे थांबतो.