नक्षी आपल्या घरात यावी

मंगलदास मार्केटमध्ये माल घेणाऱ्या किती व्यापारी बंधूंनी जवळच असलेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या फाटकातून आत पाऊल टाकले आहे? १८५७ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून ही संस्था उभी राहिली. २०२३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथे चित्रकलेबरोबर टेक्स्टाइल डिझाइन, सिरॅमिक व धातुकामाचीही तालीम मिळते.

भिवंडी-मालेगावचा यंत्रमागवाला ग्रे कापड विणतो आणि थोड्या मजुरीवर समाधान मानतो. त्याच कापडावर चांगली नक्षी चढली की भाव बदलतो. ती नक्षी मात्र बहुधा दुसऱ्याची असते. हुनर आपला आणि नफा परका, हा हिशेब कुठवर चालवायचा?

मुलामुलींना शाळेतच एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसवा. जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन, जहांगीर आर्ट गॅलरी आणि १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव त्यांना दाखवा. स्वतःही जा. होतकरू विद्यार्थ्याला आपला माग, रंगखाना, गोदाम पाहू द्या. त्याला काम मिळेल आणि आपल्याला नवा माल.