बायपासआधीचं बोलणं

बायपासची तारीख ठरली की घरचं कुणीतरी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतं, "त्यांना फार काही सांगू नका, घाबरतील." हे मायेपोटीच असतं. पण पेशंट घाबरलेलाच असतो, आणि मग त्याला विचारायलाही कुणी उरत नाही.

मानसिक आधाराची सुरुवात माहितीपासून होते, आणि तीही पेशंटला स्वतःला काय जाणवेल याची. जाग येईल तेव्हा तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही. अर्धवट शुद्धीत माणूस नळी ओढतो, म्हणून हात सैलसर बांधलेलेही असू शकतात. बहुतेकांची नळी काही तासांत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत निघते आणि बोलता येऊ लागतं. हे नातेवाइकांनाही सांगावं, कारण आपल्याकडे 'व्हेंटिलेटरवर ठेवलंय' एवढं ऐकलं तरी घरात रडारड सुरू होते. 'दुखतंय', 'तहान लागलीय' यांच्या खुणा आदल्या दिवशीच ठरवून ठेवाव्यात.

जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाच्या गटाने बायपासच्या पेशंटांशी शस्त्रक्रियेआधी, बरं झाल्यावर काय काय करायचंय याबद्दल सविस्तर बोलून पाहिलं. 2017 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा या पेशंटांना सहा महिन्यांनी रोजच्या कामांत कमी अडचणी येत होत्या. मला वाटतं, हे बोलणं शस्त्रक्रियेच्या तयारीचाच भाग धरायला हवं.

आयसीयूत काहींना, विशेषतः वयस्कर पेशंटांना, भ्रम होतो. भिंतीवर मुंग्या दिसतात, नर्स आपल्याविरुद्ध कट करताहेत असं वाटतं. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. औषधं, झोपमोड, जंतुसंसर्ग, ऑक्सिजनची कमतरता अशी कारणं त्यामागे असू शकतात, म्हणून डॉक्टरांना लगेच सांगावं. बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत ओसरतो. तोवर वाद घालू नये. चष्मा आणि श्रवणयंत्र द्यावं, समोर घड्याळ असावं, आज कोणता वार आणि आपण कुठे आहोत हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावं.

घरी आल्यावर उगाच रडू येणं, चिडचिड, झोप न लागणं हे बऱ्याच जणांना होतं. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ओझं उचलायचं नसतं आणि कर्त्या माणसाला ते बसून राहणं फार लागतं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. नैराश्यात औषधं चुकतात, चालणं बंद पडतं आणि त्याचा भार हृदयावर येतो. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवरही, म्हणजे 14416 वर, बोलता येतं. शरीरसंबंधांबद्दल तर नवरा-बायको दोघंही विचारत नाहीत. दोन जिने धाप न लागता चढता येत असतील तर सहसा हरकत नसते, फक्त छातीवर भार येऊ द्यायचा नाही. तपासणीला जाताना हा प्रश्नही कागदावर लिहून न्यावा.