दांभिकपणाचं बिल कोण भरतं? ‘पर्सनल सर्व्हिसेस’ या चित्रपटाच्या निमित्ताने

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला फोन करून विचारलं, “सर, हा विषय व्याख्यानाला घ्यायचा? घरात सगळे ऐकतात.” आम्ही म्हटलं, मग तर घ्यायलाच हवा! कारण या प्रश्नातच आपला विषय आहे.

आधी आमची कबुली. हा चित्रपट आम्ही पहिल्यांदा पाहिला तो व्हिडिओ कॅसेटवर, घरी. मध्येच दाराची बेल वाजली. शेजारचे गृहस्थ आले होते. आम्ही काय केलं असेल? टीव्ही बंद केला, आणि “काही नाही, बातम्या बघत होतो” असं सांगितलं. नीतिशास्त्र शिकवणारा माणूस, आणि एका विनोदी चित्रपटासाठी खोटं बोलला. तेव्हा आज आपण दांभिकपणाबद्दल बोलणार आहोत ते उंचावर उभं राहून नाही, एवढं लक्षात असू द्या.

चित्रपटाचं नाव ‘पर्सनल सर्व्हिसेस’. साल 1987. दिग्दर्शक टेरी जोन्स, म्हणजे ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी मंडळीतले एक. पटकथा डेव्हिड लेलँड यांची. मुख्य भूमिकेत ज्युली वॉल्टर्स. आयर्लंडमध्ये या चित्रपटावर बंदी आली. जोन्स यांच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ आणि ‘द मीनिंग ऑफ लाइफ’ या चित्रपटांवरही तिथे बंदी आली होती, म्हणजे गृहस्थांना सवय होती.

कथा अशी. क्रिस्टीन नावाची एक वेट्रेस आहे. पदरी मुलगा आहे. पैसे पुरत नाहीत म्हणून ती खोल्या भाड्यानं घेते आणि देहविक्रय करणाऱ्या बायकांना पोटभाड्यानं देते. भाडं थकतं, देणी वाढतात, आणि हळूहळू ती स्वतःच या व्यवसायात येते. शर्ली नावाची मैत्रीण सोबतीला असते. मग ती उपनगरातल्या एका साध्या घरात पार्ट्या भरवू लागते. गिऱ्हाइकं कोण? तर वय झालेले, नीटनेटके, टायवाले पुरुष. कुणाला चाबकाचे फटके हवेत, कुणाला बायकी कपडे घालायचेत. हवाई दलातला एक निवृत्त अधिकारी तर मोठ्या अभिमानानं सांगतो की युद्धात विमान चालवताना आतून बायकांचे कपडे घालत होतो. आणि हे सगळं चहापाणी करत, एखाद्या कौटुंबिक समारंभासारखं चालू असतं. यातून विनोद उभा राहतो. मग पोलिसांची धाड, आणि कोर्ट.

ही क्रिस्टीन म्हणजे खऱ्या आयुष्यातली सिंथिया पेन. चित्रपट तिच्यावरून सुचलेला आहे. दक्षिण लंडनमधल्या स्ट्रेथम भागात अँबलसाइड अॅव्हेन्यूवर तिचं घर होतं. डिसेंबर 1978 मध्ये पोलिसांनी तिथे धाड घातली, तेव्हा घरात 53 पुरुष होते. तिची हिशेबाची पद्धतही मजेशीर. पुरुषानं आत येताना पैसे द्यायचे आणि बदल्यात एक लंचन व्हाउचर घ्यायचं. लंचन व्हाउचर म्हणजे ऑफिसातल्या लोकांना दुपारच्या जेवणासाठी मिळणारं कुपन. ते त्यानं वर त्या बाईला द्यायचं, आणि शेवटी बाईनं कुपनं मोजून सिंथियाकडून पैसे घ्यायचे. अगदी सहकारी सोसायटीसारखा चोख कारभार! पाहुण्यांत वकील होते, धर्मगुरू होते, राजकारणी होते, असं वृत्तपत्रांत छापून आलं. सगळा देश हसला.

आता हसून झालं असेल तर पुढचा हिशेब ऐका. 1980 मध्ये कुंटणखाना चालवल्याबद्दल सिंथिया पेनला 18 महिन्यांची कैद सुनावली गेली. अपिलात ती 6 महिन्यांवर आली, वर दंड. हॉलोवे तुरुंगात तिनं सुमारे 4 महिने काढले. आणि ते 53 पुरुष? त्यांच्यावर खटला झाला नाही. ते घरी गेले.

आमच्या दृष्टीनं चित्रपट इथे आहे. या दोन वाक्यांच्या मधे.

तुम्ही म्हणाल, पोलिसांनी बड्या लोकांना सोडलं, यात नवल काय? पण थांबा. पोलिसांनी पक्षपात केला की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कायद्यानं त्या पुरुषांनी गुन्हाच केलेला नव्हता. इंग्लंडचा कायदा मोठा विलक्षण आहे. पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा नाही. पैसे देणं, तेही एरवी नाही. मग गुन्हा कशात? रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक शोधण्यात. आणि कुंटणखाना चालवण्यात, 1956 च्या कायद्यानुसार. कुंटणखाना कशाला म्हणायचं? एक बाई एका जागेत एकटी धंदा करते, तोवर नाही. दुसरी बाई आली की झाला. म्हणजे काय तर, सोबत हाच गुन्हा. दाराआड एकटीनं राहावं, धोका पत्करावा, ते चालेल. दोघींनी एकमेकींवर लक्ष ठेवावं, ते चालणार नाही.

हा कायदा कुणी राक्षसांनी केला नाही, हेही सांगायला हवं. 1957 मध्ये वुल्फेंडन समितीचा प्रसिद्ध अहवाल आला. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो, कारण त्यावरून पुढे मोठा वाद झाला. नागरिकांच्या खासगी नैतिकतेत कायद्यानं ढवळाढवळ करू नये, असं समितीचं म्हणणं. लॉर्ड डेव्हलिन या न्यायाधीशांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, समान नैतिकता हा समाजाचा पाया आहे, तो खचू द्यायचा नाही. त्यांना एच. एल. ए. हार्ट यांनी 1963 च्या पुस्तकात उत्तर दिलं. आम्ही वर्षानुवर्षं हा वाद वर्गात शिकवला, आणि दरवेळी हार्ट यांच्या बाजूनं. उदारमतवादाचा विजय म्हणून.

पण अहवालाचे दोन भाग होते. एक समलिंगी संबंधांबद्दल, दुसरा वेश्याव्यवसायाबद्दल. पहिल्या भागात कायदा सैल करायला सांगितलं होतं. ते व्हायला 10 वर्षं लागली, 1967 उजाडलं. दुसऱ्या भागात रस्त्यावरच्या बायकांवर कायदा आवळायला सांगितलं होतं. ते 2 वर्षांत झालं, 1959 मध्ये. एकाच अहवालातली सवलत सावकाश आली, शिक्षा मात्र धावत आली. त्या 1959 च्या कायद्यात बाईला ‘सराईत वेश्या’ असं नाव कायद्याच्या भाषेतच दिलेलं होतं. ते शब्द काढून टाकायला 2009 उजाडलं. वर्गात हा दुसरा भाग आम्हीही घाईघाईत उरकत होतो. का, ते आता सांगणं अवघड नाही.

‘खासगी’ हा शब्द इथे नीट पाहा. खासगी जागा असते कुणाकडे? ज्याच्याकडे घर आहे, दार आहे, पडदे आहेत. ज्या बाईकडे फक्त रस्ता आहे तिचं काहीच खासगी नाही. तेव्हा ‘खासगीत काय ते करा’ हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण त्याचं भाडं सगळ्यांना परवडत नाही. चित्रपटातली क्रिस्टीन नेमकं तेच विकते. पुरुष तिच्याकडे शरीरासाठी येतात हे खरंच, पण त्याहून जास्त दारासाठी येतात. ते दार मागे लागलं की माणसाची अब्रू बाहेर खुंटीला टांगून ठेवता येते आणि जाताना जशीच्या तशी अंगावर चढवता येते. ही अब्रू सांभाळण्याचं काम क्रिस्टीन करते, आणि धाड पडते तेव्हा तीच पकडली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दांभिकपणात वाईट काय?

आम्ही तरुणपणी फार सोपं उत्तर देत असू. बोलणं एक आणि वागणं एक, म्हणजे खोटेपणा, म्हणून वाईट. पुढे ज्युडिथ श्क्लार या तत्त्वज्ञ बाईंचं 1984 सालचं ‘ऑर्डिनरी व्हाइसेस’ वाचलं आणि आमचा पवित्रा बदलला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. दुर्गुणांच्या यादीत क्रौर्य सर्वांत वर ठेवा. दांभिकपणावर आपण वाजवीपेक्षा जास्त चिडतो, कारण दुसऱ्याचं ढोंग उघडं पाडणं सोपं असतं आणि त्यात मजाही येते. थोडंफार ढोंग तर एकत्र राहण्यासाठी लागतंच. आम्ही शेजाऱ्यांना “बातम्या बघत होतो” म्हटलं, त्यानं जगाचं काय बिघडलं?

म्हणून आपण दांभिकपणाचे दोन प्रकार करू. पहिला, आपण ज्याला चांगलं म्हणतो तिथवर आपण पोचत नाही आणि ते झाकतो. हा मानवी कमकुवतपणा आहे. दुसरा, जे आपण झाकून करतो त्याच गोष्टीसाठी दुसऱ्याला शिक्षा देतो, किंवा दिली जात असताना गप्प बसतो. इथे ढोंगाला क्रौर्य येऊन मिळालं. ‘पर्सनल सर्व्हिसेस’ हा चांगला चित्रपट आहे तो या दोहोंतला फरक ओळखतो म्हणून. बायकी कपडे घातलेल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याला चित्रपट हसतो, पण त्याचा अपमान करत नाही. त्या हसण्यात माया आहे, असू दे बिचाऱ्याला, अशी. टोक येतं ते धाड आणि कोर्ट आल्यावर. एकटेपणाला आणि चमत्कारिक हौसेला चित्रपट माफ करतो. न्यायाच्या आवाजात बोलणाऱ्या सभ्यतेला करत नाही.

इथवर आम्ही वकील होतो. आता उलटतपासणी.

अशाच एका चर्चेत एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, “सर, यात ज्यांना हसता येतं त्यांच्याबद्दलच चित्रपट आहे ना?” प्रश्न बोचला. कारण सिंथिया पेनच्या घरावर धाड पडली, त्याच काळात उत्तर इंग्लंडमध्ये, लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर या भागांत पीटर सटक्लिफ बायकांचे खून करत होता. 1975 ते 1980 या काळात 13 खून. मेलेल्यांपैकी काही जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. 1981 मध्ये खटल्याच्या वेळी खुद्द ॲटर्नी जनरल न्यायालयात अशा अर्थाचं बोलले की बळींपैकी काही वेश्या होत्या, पण याहून दुःखाची गोष्ट म्हणजे काही नव्हत्या. न्यायालयाबाहेर बायकांनी निदर्शनं केली. वेस्ट यॉर्कशायर पोलिसांनी त्या काळात वापरलेल्या भाषेबद्दल माफी मागितली ती 2020 मध्ये, सटक्लिफ मेल्यावर.

म्हणजे पाहा, एकाच देशात, त्याच वर्षांत, स्ट्रेथममधली बाई विनोदाचा विषय होती आणि लीड्समधली बाई कमी दुःखाचा. या दोन्हींना जोडणारी गोष्ट एकच: यातली कुठलीच बाई ‘आपली’ नव्हती. 1982 मध्ये अशा बायकांच्या संघटनेनं लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातल्या होली क्रॉस चर्चमध्ये 12 दिवस ठाण मांडलं, पोलिसांच्या छळाविरुद्ध. ते काही विनोदी नव्हतं. चित्रपटात त्यांना जागा नाही. हा त्याचा दोष आहे, आणि आम्हाला तो आवडतो म्हणून आम्ही तो दोष लपवणार नाही.

तरीही आम्ही हा चित्रपट बघायला सांगतो. कारण व्याख्यानानं जे होत नाही ते तो करतो. तो आपल्याला हसवतो, आणि हसताना आपण त्या जिन्यावर उभ्या असलेल्या पुरुषांच्या बाजूचे होऊन जातो. हसून मोकळं व्हायचं आणि घरी जायचं. मग शेवटी बाई आरोपीच्या पिंजऱ्यात दिसते, आणि आपल्याला कळतं की आपणही नुकतेच मागच्या दारानं निसटलो.

पुढची गोष्ट सांगून थांबतो. सिंथिया पेनच्या घरावर पुन्हा धाड पडली, पुन्हा खटला झाला. 1987 मध्ये, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, ज्यूरीनं तिला निर्दोष सोडलं. बारा सामान्य माणसं. आम्हाला वाटतं, त्यांनी नीतीचा कुठला सिद्धांत मांडला नसेल. त्यांना एवढंच वाटलं असेल की मेजवानी सगळ्यांनी खाल्ली, बिल एकटीच्या हातात का?

प्रश्नोत्तरांत कुणी नक्की विचारणार, “सर, आपल्याकडे काय?” तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. तोवर एक गृहपाठ घ्या. चित्रपट बघा, शक्यतो हॉलमध्ये, दार उघडं ठेवून. बेल वाजली तर आपला हात कुठे जातो ते पाहा. रिमोटकडे गेला तर फार वाईट वाटून घेऊ नका, आमचाही गेला होता. मात्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात धाडीची बातमी येईल, चेहरे झाकलेल्या बायकांचा फोटो असेल, तेव्हा त्यात पुरुष किती आहेत तेवढं मोजा.